नातवाचे पडसे आणि आजी

पांढुर्णा किंवा सौंसर परिसरातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. संत्र्यांच्या तोडीचे दिवस आहेत. आईबाप बागेत गेले आहेत. सहा वर्षांचा मुलगा दोन दिवस शिंकतो, अंग किंचित कढत लागते, तिसऱ्या दिवशी तो अंगणात खेळू लागतो. ‘पडसे होते, गेले’ असे म्हणून सारे ते विसरतात. ते दोन दिवस मुलगा आजीच्या कुशीत निजलेला असतो.

करोनाची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली असे जाहीर झाले. विषाणू मात्र गेलेला नाही. मुलांना तो बहुधा सौम्यच बाधतो. पण सौम्य म्हणजे विरळा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२१ च्या जून-जुलैत देशभर रक्ततपासणी केली, तेव्हा सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्या वयाला लस मिळालेली नव्हती. निम्म्याहून अधिक मुलांना रोग होऊन गेला होता. किती आयांना त्याची दाद लागली असेल?

लक्षणे दिसण्यापूर्वीचे एक-दोन दिवस व नंतरचे पहिले काही दिवस विषाणू सर्वांत अधिक बाहेर पडतो. म्हणजे आपण सावध होण्याआधीच त्याचे काम सुरू झालेले असते. सौम्य दुखण्यात दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू क्वचितच सापडतो. नाकातील स्रावाची आरटी-पीसीआर तपासणी मात्र कित्येक आठवडे होकारार्थी येऊ शकते. ती विषाणूचे अवशेष ओळखते, तो जिवंत की मेलेला हे तिला कळत नाही. तेव्हा तेवढ्या कागदावरून मुलाला महिनाभर दूर बसविण्याचे कारण नाही.

घरात एकाला झाले की सर्वांना होणारच, असेही नाही. तामिळनाडू व आंध्र प्रदेशात २०२० साली पावणेसहा लाख संपर्कातील व्यक्तींची पाहणी झाली. सुमारे ७० टक्के रुग्णांपासून त्यांच्या संपर्कातील कोणालाही लागण झाल्याचे आढळले नाही. म्हणून खिडकी उघडी ठेवणे, पाच-सात दिवस आजीचे अंथरूण वेगळे घालणे, मुलाजवळ बसताना तिने मुखपट्टी बांधणे, हे व्यर्थ नव्हे. नातवाला कुशीत घेऊ नका, असे आजीला सांगणे सोपे नाही, हे मी जाणतो.

औषधाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०२३ पर्यंत आपण ज्याचा भाग होतो, त्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लहान मुले दगावली. दुखणे सर्दी-तापाचेच होते. खोकल्याच्या पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि मूत्रपिंडे निकामी झाली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील बालकांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. पाणी, पेज, विश्रांती आणि तापासाठी डॉक्टरांनी वजनावरून ठरविलेली पॅरासिटामॉलची मात्रा, एवढे बहुधा पुरते.

श्वास जलद चालू लागला, बरगड्यांखाली खळगे पडू लागले, मूल पाणी पिईना, लघवी होईना, तर मात्र रात्र काढू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात प्रथम दाखवावे. नागपूरचा विचार त्यानंतर.