रशियाचीं विमानें

विमानाचें मर्म त्याच्या इंजिनांत असतें, आणि रशियाच्या विमानधंद्याचें दुखणें नेमकें तेथेंच आहे.

१९४१ सालीं जर्मन फौजा चालून आल्या तेव्हां वोरोनेझचा कारखाना उचलून व्होल्गाकांठीं कुइबिशेव, म्हणजे आजचें समारा, येथें नेला. त्याच कारखान्यांत पुढें तुपोलेव्ह १५४ जातीचीं सुमारें एक हजार विमानें तयार झालीं. परंतु १९९१ नंतर असे कारखाने ओस पडले, आणि रशियन कंपन्यांनीं बोइंग व एअरबस पत्करलीं. २००८ सालीं प्रथम उडालेल्या सुखोई सुपरजेटचें इंजिनसुद्धां फ्रेंचांच्या भागीदारीचें ! २०२२ सालीं युक्रेनवर स्वारी होतांच पाश्चात्त्यांनीं सुटे भाग बंद केले, आणि ही उसनवारी उघडी पडली.

एम्. एस्. २१ हें विमान पेर्मच्या पी. डी. १४ इंजिनावर २०२० च्या डिसेंबरांत प्रथम उडालें. त्याच्या पंखांचें परदेशी द्रव्य अडविलें गेलें, तेव्हां तेंही घरींच केलें. बुद्धि आहे, यांत शंका नाहीं. पण एक विमान उडविणें निराळें आणि शेंकडों वेळेवर देणें निराळें; मुदती वारंवार पुढें ढकलल्या गेल्या आहेत.

याच्याशीं आपला संबंध काय ? नाशिकजवळ ओझर येथें मिग २१ व सुखोई ३० बनलीं, तीं रशियाच्याच परवान्यानें. २०२५ च्या ऑक्टोबरांत हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें नव्या सुपरजेटसाठीं मॉस्को येथें सामंजस्य-करार केला. त्याचें पी. डी. ८ इंजिन प्रत्यक्ष सेवेंत किती तास टिकतें, याचा हिशेब आपल्या लोकांनीं आधीं मागून घ्यावा.