लहरी शिकवणाऱ्या बाई

श्रोतेहो, माझा आवाज तुमच्या घरात येतोय तो विद्युतचुंबकीय लहरींवरून. मी बी.ए. झालेला कवी. लहर म्हणजे मनाची, एवढंच मला ठाऊक. राजेश्वरी चॅटर्जींचं नावही माझ्या लेकीकडूनच कळलं.

या बाईंचा जन्म १९२२चा, म्हैसूर संस्थानातला. आजी कमलम्मा दासप्पा तिथल्या पहिल्या पदवीधर स्त्रियांपैकी एक. आजीने उभारलेल्या शाळेतच नात शिकली. गणितात एम.एससी. करून १९४३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनाला लागली. १९४७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर बोटीने अमेरिकेला निघाली. मिशिगन विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन १९५३ साली बाई परतल्या आणि आपल्याच संस्थेत शिकवू लागल्या. संस्थेच्या अध्यापकवर्गातल्या त्या पहिल्या स्त्री इंजिनिअर.

विषय मायक्रोवेव्ह आणि अँटेना. रडार, विमानं, उपग्रह यांचं बोलणं-ऐकणं ज्यावर चालतं, ते शास्त्र. पती प्राध्यापक शिशिरकुमार चॅटर्जी त्याच विभागात. दोघांनी मिळून मायक्रोवेव्हचं संशोधन उभं केलं. बाई विभागप्रमुख झाल्या. वीस विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. १९८२ साली त्या निवृत्त झाल्या आणि पुढे स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करत राहिल्या. २०१० साली गेल्या.

हे सगळं ऐकताना मला मात्र माझी एक चूक आठवत होती. बारावीनंतर लेक म्हणाली होती, “अब्बा, मला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय.” मी म्हणालो, “त्यापेक्षा बी.ए., बी.एड. कर. मुलींना तेच बरं.” कवितेत मी मुलींना आभाळ देत होतो आणि घरी फॉर्मवर सही करत नव्हतो. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी माझी आई, जेमतेम चौथी शिकलेली, म्हणाली, “सही कर रे. माझ्या वेळी कुणी केली नाही.”

मी सही केली. आज लेक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. परवा प्रॅक्टिकल संपल्यावर पहिल्या वर्षाची एक मुलगी मागे रेंगाळली. तिने हळूच विचारलं, “मॅडम, तुमच्या घरी तयार कसे झाले?”

लेकीने तिला दादीची गोष्ट सांगितली. माझी चार दिवसांची गोष्टही सांगितली म्हणे. सांगू दे.