स्वित्झर्लंडमध्ये ॲम्ब्युलन्स बोलावली, बिल कोण भरणार?

(या भागात बोललो ते थोडं साफसूफ करून इथे देतोय. आकडे ऐकताना निसटतात, असे बरेच मेसेज आले होते.)

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण स्वित्झर्लंडला यायचा विचार असेल, किंवा आधीच येऊन पोचला असाल, तर शेवटपर्यंत ऐका. मी इथे कोड लिहितो, वकील नाही आणि इन्शुरन्स एजंट तर अजिबात नाही. त्यामुळे तुम्हाला काही विकायला आलेलो नाही.

झालं असं. झुरिकमध्ये माझा एक मित्र आहे, मूळचा नाशिकचा, फुल-टाइम नोकरी. बायको गेल्या वर्षी आली, सध्या जर्मनच्या क्लासला जाते, नोकरी अजून नाही. डिसेंबरमध्ये तो बर्फावरून सायकलसकट घसरला. खांदा गेला. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं. खिशातून किती गेले? शून्य. फेब्रुवारीत ती बिल्डिंगच्या जिन्यावरून पडली. घोटा मोडला. तेच शहर, तेच हॉस्पिटल, तशीच पिवळी गाडी. बिल आलं ११८० फ्रँकचं. आणि ते सगळंच्या सगळं तिनं भरलं.

आता दोघांकडे इन्शुरन्स आहे. दोघंही कायदेशीर राहतात. मग फरक कुठे पडला?

मुळात आपण येताना डोक्यात १०८ घेऊन येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून ती सेवा आहे, फोन करा, गाडी येते, पैसे लागत नाहीत. ती वेळेवर येते का, हा वेगळा एपिसोड होईल. पण बिलाची भीती तरी नसते. इथे नंबर आहे १४४. फोन फुकट, गाडी मात्र नाही. दर कॅन्टनप्रमाणे बदलतात, साधी शहरातल्या शहरातली फेरी हजाराच्या आसपास जाऊ शकते. आणि बिल पेशंटच्या नावाने येतं. फोन शेजाऱ्याने केला असला तरी.

आता इथलं लॉजिक. पहिला इफ: हा अपघात आहे की आजार? दुसरा इफ: अपघात असेल, तर तुम्हाला नोकरी आहे का?

नोकरी असेल आणि एकाच मालकाकडे आठवड्याला निदान ८ तास काम करत असाल, तर तुमचा अपघात विमा कंपनीमार्फत आपोआप असतो. ऑफिसमधला अपघातही त्यात, आणि रविवारी डोंगरावर पडलात तर तोही. पगाराच्या स्लिपवर ‘एनबीयू’ असं काहीतरी कापलेलं दिसेल, ते हेच. नॉन-ऑफिस अपघाताचा हप्ता. आपण सगळे ती ओळ बघून ‘हे काय नवीन’ म्हणतो आणि पुढे जातो. हा विमा अपघातानंतरचा आवश्यक ट्रान्सपोर्ट आणि रेस्क्यू, दोन्हीचा खर्च देतो. डिडक्टिबल नाही, दहा टक्के नाहीत. म्हणून माझ्या मित्राला बिल दिसलंसुद्धा नाही.

८ तासांपेक्षा कमी काम असेल, तर फक्त कामावरचे आणि कामाला येता-जातानाचे अपघात धरतात. नोकरीच नसेल, तर अपघातसुद्धा तुमच्या हेल्थ इन्शुरन्समध्येच येतो. पॉलिसी घेताना एक रकाना असतो, ‘अपघातासह’ की ‘अपघाताशिवाय’. नवऱ्याने स्वतःसाठी ‘शिवाय’ टाकलं म्हणून बायकोच्या फॉर्मवरही तेच टाकू नका. मित्राने निदान इथे चूक केली नव्हती, तिचं ‘अपघातासह’ होतं. पण त्यामुळे झालं काय, की तिच्या घोट्याला हेल्थ इन्शुरन्सचे नियम लागले.

आणि ते नियम असे. बेसिक हेल्थ इन्शुरन्स, जो १९९६ पासून इथे प्रत्येकाला सक्तीचा आहे, तो ॲम्ब्युलन्सचा अर्धाच खर्च धरतो. तोही कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त ५०० फ्रँक. त्यातही अट आहे, की तुमची तब्येत ट्रॅमने, टॅक्सीने किंवा कुणाच्या गाडीने जाण्यासारखी नसली पाहिजे. जीव धोक्यात असताना केलेली सुटका, म्हणजे ‘रेस्क्यू’, हा वेगळा खाना आहे. त्यातही अर्धाच खर्च, पण मर्यादा वर्षाला ५००० फ्रँक, आणि रेस्क्यू स्वित्झर्लंडच्या आत झालेला हवा. कुठली फेरी ट्रान्सपोर्ट आणि कुठली रेस्क्यू, यावरून बरेच वाद होतात.

आता गंमत बघा. (गंमत म्हणजे, तिला अजिबात आली नाही.) बिल ११८०. अर्धे ५९०, पण मर्यादा ५००, म्हणून ५०० धरले. ते ५०० तरी मिळाले का? नाही. कारण त्याआधी फ्रांशीज आहे. फ्रांशीज म्हणजे आपल्या पॉलिसीत डिडक्टिबल म्हणतात ते, वर्षाला सुरुवातीचे इतके पैसे तुमचे तुम्ही भरायचे. मोठ्यांसाठी हे ३०० पासून २५०० पर्यंत निवडता येतं. तरुण मंडळी हप्ता कमी पडतो म्हणून सर्रास २५०० घेतात. तिनेही तेच घेतलं होतं. फेब्रुवारी, वर्ष कोरं, फ्रांशीज अख्खं शिल्लक. तर ते ५०० फ्रांशीजमध्ये मोजले गेले, इन्शुरन्सने एक फ्रँक दिला नाही.

आणि उरलेले ६८०? ते फ्रांशीजमध्येसुद्धा मोजत नाहीत. ते हवेत गेले.

इथे जरा थांबतो, कारण मला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. आम्ही सगळे एकमेकांना सांगत फिरायचो, की वर्षाला जास्तीत जास्त ३२०० जातील. २५०० फ्रांशीज, नंतर बिलांचे दहा टक्के, तेही ७०० पर्यंत, संपलं. इमर्जन्सी फंडही त्याच हिशोबाने ठेवलेला. पण ॲम्ब्युलन्सचा जो भाग इन्शुरन्स धरतच नाही, तो या ३२०० च्या बाहेर आहे. घोट्याच्या ऑपरेशनमुळे तिचं फ्रांशीज आणि ते ७०० दोन्ही भरले, त्यामुळे त्या वर्षाचा आकडा झाला ३२०० अधिक ६८०. म्हणजे ३८८०. समजा फ्रांशीज आणि ते ७०० आधीच भरलेले असते, तर ५०० पूर्ण मिळाले असते. तरी ६८० तिचेच.

हे इतकं सविस्तर सांगतोय त्याचं कारण पैसे नाहीत. कारण एप्रिलमधलं आहे.

एप्रिलमध्ये एका रात्री दोनच्या सुमाराला तिच्या पोटात दुखायला लागलं. साधं नाही, सरळ उभं राहता येत नव्हतं. मित्र म्हणाला, १४४ लावतो. ती म्हणाली, अजिबात नाही, परत हजार फ्रँक नकोत. त्यांनी बसून हिशोब केला, आणि हिशोब बरोबर होता: वर्षाचे ५०० फेब्रुवारीत संपले होते, साध्या ट्रान्सपोर्टचा एकही फ्रँक मिळाला नसता. मग दोघं पहिल्या ट्रॅमची वाट बघत बसली. पाच वाजेपर्यंत. अपेंडिक्स होतं. ऑपरेशन टेबलावर घेईपर्यंत ते फुटलं होतं. ती आता ठीक आहे, पण चार दिवसांऐवजी दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये काढले.

मला त्यांचा राग आला होता. नंतर विचार केला, मी काय केलं असतं? माहीत नाही. ‘आधी जीव मग पैसे’ हे बोलायला सोपं आहे. नवीन देशात, एका पगारावर, परक्या भाषेतली बिलं हातात असताना, माणूस ट्रॅमच बघतो. पण टॅक्सी तरी करायला हवी होती ना यार. तीस-चाळीस फ्रँकांत पोचले असते.

दुसरी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. झुरिक कॅन्टनमध्ये एर्त्स्टेफोन नावाची सेवा आहे, ०८०० ३३ ६६ ५५. चोवीस तास, फुकट. १४४ लावण्याइतकं आहे की नाही असं वाटत असेल, तर तिथे विचारता येतं. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, शुद्ध हरपतेय, तिथे मात्र विचारत बसायचं नाही, थेट १४४.

हे उरलेले पैसे झाकायचे कसे? सप्लिमेंटरी इन्शुरन्स. बऱ्याच पॉलिसींत ट्रान्सपोर्टचा वाढीव खर्च धरलेला असतो, हप्ता बेसिकच्या मानाने किरकोळ. पण बेसिक इन्शुरन्स कुणालाही नाकारता येत नाही, सप्लिमेंटरी नाकारता येतो. तब्येतीचे प्रश्न विचारतात. म्हणून धडधाकट असताना घ्या. मित्राच्या बायकोने आता अर्ज केलाय, उत्तराची वाट बघतेय.

अनेक जण म्हणतात, ‘माझ्याकडे रेगा आहे की’. रेगा म्हणजे ती लाल हेलिकॉप्टरवाली संस्था, १९५२ पासूनची, नंबर १४१४. वर्षाला ४० फ्रँक देऊन तिचे पाठीराखे होता येतं. इन्शुरन्सने हात वर केले तर रेगा स्वतःच्या मदतीचा खर्च माफ करू शकते. करू शकते, बांधील नाही, कारण तो विमा नाही, ती देणगी आहे. चांगली संस्था आहे, मी स्वतः देतो. पण रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सचं बिल ते ४० फ्रँक भरत नाहीत. आणि वॅलिस कॅन्टनमध्ये, म्हणजे झेरमाटच्या बाजूला गेलात, तर हेलिकॉप्टरसाठीही १४४ च लावायचा, तिथे वेगळ्या कंपन्या उडतात.

नोकरी सोडणाऱ्यांसाठी एक. पगार थांबल्यावर अपघात विमा आणखी ३१ दिवस चालतो, मग बंद. हेल्थ इन्शुरन्सला कळवून अपघात जोडून घ्या, किंवा कंपनीच्या अपघात विम्याकडून ६ महिन्यांपर्यंत मुदत वाढवून घेता येते. लेऑफच्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

एका श्रोत्याने विचारलंय, आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतायत, त्यांचं काय? दादा, यातलं काहीही त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी फक्त ट्रॅव्हल इन्शुरन्स. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतंच, पण व्हिसापुरती स्वस्तातली पॉलिसी काढताना बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि त्यांच्या मोबाइलमध्ये १४४ सेव्ह करून द्या, सोबत घरचा पत्ता जर्मन स्पेलिंगमध्ये. माझी आई अजून रस्त्याचं नाव उच्चारू शकत नाही, मी तिच्या पर्समध्ये चिठ्ठीच ठेवलीय.

चला, तुमच्याकडे असं एखादं बिल आलं असेल तर फोटो नको, फक्त आकडा आणि कॅन्टन पाठवा. पुढच्या भागात भेटू.