भाव कुणाचा, भरभराट कुणाची? : युद्ध आणि कापूस यांची जोडगोळी
(मराठी आगमन शताब्दीनिमित्त टॅम्पिनीस येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



शताब्दीच्या प्रदर्शनातले फलक लिहिण्याचे काम आम्हा सहा जणांकडे आले, तेव्हा ते दोन रविवारांत उरकेल असे वाटले होते. आम्ही पहिल्याच फलकावर अडलो. मराठी माणूस समुद्र ओलांडून पूर्वेकडे का आला, याची पार्श्वभूमी सांगणारा तो फलक. त्यावर आम्ही लिहिले होते, ‘अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईची भरभराट झाली.’ वाक्य सुटसुटीत होते, शाळेच्या पुस्तकात शोभले असते.

मसुदा वाचायला आम्ही मंडळातल्या एका आजींना दिला. त्या यवतमाळकडच्या, आता मुलाकडे इथे टॅम्पिनीसमध्ये राहतात. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “कोनाची भरभराट, बाप्पा? आमच्याइकडं तं पराटी वावरात उभी असतानाच तिचे पैसे खर्च होऊन रायते.”

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच लगेच उत्तर नव्हते. मग आम्ही पुस्तके काढली. जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे मांडतो आहोत.

सुरुवात युद्धाच्याही आधी करावी लागते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, ते निजामाकडे थकलेल्या फौजेच्या खर्चापोटी. हैदराबाद कंटिन्जंट नावाची ही फौज, तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. येणे वसूल करायला इंग्रजांनी जो मुलूख मागून घेतला, तो काळ्या कसदार जमिनीचा, कापसाचा मुलूख होता. म्हणजे आपल्या कापसाच्या गोष्टीच्या पहिल्याच पानावर सैन्याच्या पगाराची थकबाकी आहे.

आठ वर्षांनी, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत युद्ध पेटले. त्या काळी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी शेकडा ऐंशीच्या आसपास अमेरिकेच्या दक्षिणेकडून येई आणि तो गुलामांच्या हातून वेचलेला असे. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा हिशेब सरळ होता. आपण कापूस रोखून धरला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड झक मारत आपल्या मदतीला येईल. उलट लिंकनच्या सरकारने दक्षिणेची बंदरे आरमाराने अडवली. एकाने कापूस हत्यार म्हणून उगारला, दुसऱ्याने ते हत्यार बंदरातच अडकवून ठेवले.

लँकेशायरमध्ये गिरण्या थंडावल्या, कामगारांची उपासमार झाली. तरीही इंग्लंड युद्धात उतरले नाही. त्याला कारणे पुष्कळ आहेत. कापूस दुसरीकडून मिळू लागला, हे त्यांपैकी एक, आणि त्या ‘दुसरीकडे’त इजिप्त होते, गुजरात होता, खानदेश होता, वऱ्हाड होते. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी अमेरिकेचा नकाशा पाहिलेला नसेल, पण त्या लढाईच्या पारड्यात त्यांच्या शेतातली रुई पडली होती.

आता भावाचे पाहू. अमेरिकन कापूस लिव्हरपूलला १८६० मध्ये पौंडाला सात-आठ पेनींना मिळे. १८६४ मध्ये तो तीस पेनींच्या आसपास गेला. त्याच्यामागे आपला आखूड धाग्याचा कापूसही चढत गेला. नेहमीपेक्षा जास्तीचे म्हणून जे पैसे या काळात मुंबईत आले, त्यांचा अंदाज सात-साडेसात कोटी पौंडांचा करतात. लोकांनी गाद्या उसवून आतला जुना कापूस विकला, असेही सांगतात. कापसात सरकी, माती, पाणी मिसळून वजन वाढवण्याचे प्रकार इतके बोकाळले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

मुंबईत पैसा आला की तो समुद्रातसुद्धा जमीन शोधतो. बॅक बे भरून काढण्यासाठी कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. रोज नवी बँक, नवी कंपनी. प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर बाजार चढे. दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी हा सट्टा पाहिला होता आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिले.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. तहाच्या वावड्यांनी भाव आधीच डळमळले होते, आता ते कोसळले. पुढच्या तारखेचे सारे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. त्या दिवशी मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. पुढे बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. हजारो मैलांवर बंदुका शांत झाल्या आणि इथे दिवाळी निघाल्यासारखी दिवाळखोरी निघाली.

इथवरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असते. राजाबाई टॉवर पाहताना प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीची आठवण कुणीतरी काढतेच. पण आजींचा प्रश्न त्या मनोऱ्यावरून दिसत नाही. त्यासाठी गावात जावे लागते.

तेजीच्या चार वर्षांत गावात काय घडले? ज्वारीच्या जागी कापूस आला आणि धान्य महागले. सूत महागल्यामुळे कोष्टी आणि साळी यांचे माग अडले. कापसाला एवढा भाव असताना तोच भाव अंगावरच्या कपड्यालाही द्यावा लागत होता. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे खरे. बैल घेतले, विहिरी खोदल्या, लग्ने थाटात झाली. पण त्याहून जास्त वाढली ती त्याची पत. चढा भाव पाहून सावकाराने हात सैल सोडला. दख्खनच्या ज्या तालुक्यांत कापूस फारसा नव्हता, तिथेही हा पैसा मजुरीच्या आणि कर्जाच्या वाटेने पोचला. मग भाव पडला. कर्ज मात्र चढ्या भावाच्या हिशेबाने घेतलेले होते, ते तसेच राहिले. त्यात सरकारने शेतसारा वाढवला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांनी मागितली ती खतपत्रे, कर्जाचे कागद, आणि मिळाली तिथे जाळली. चौकशी करणाऱ्या आयोगाने कारणे मांडताना अमेरिकेतल्या युद्धाच्या तेजीपर्यंत माग काढला. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. सुप्याच्या बाजारातला जाळ आणि अमेरिकेतली तोफ यांच्यामध्ये दहा वर्षे आणि अर्धी पृथ्वी आहे, पण धागा एकच आहे.

दुसऱ्या टोकाला काय घडले तेही सांगायला हवे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. जमशेटजी टाटा तेव्हा पंचविशीत होते. वडिलांच्या पेढीचा कापसाचा व्यवहार पाहायला ते लंडनला गेले आणि नेमकी मंदी आली. हातातल्या हुंड्यांना किंमत उरली नाही. पेढी सावरली ती १८६८ च्या सुमारास, आणि तीही दुसऱ्या एका युद्धामुळे. ॲबिसिनियावर निघालेल्या इंग्रजी फौजेला माल पुरवण्याच्या कंत्राटात त्यांच्या वडिलांचा हिस्सा होता. पुढे जमशेटजींनी मुंबई सोडून कापसाच्या मुलखातच गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. एका युद्धाने बुडालेले घर दुसऱ्या युद्धाने तरले आणि त्यातून हजारोंना काम देणारी गिरणी उभी राहिली, हेही तितकेच खरे आहे.

आगगाडीचे बघा. युद्धाच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुख्यतः बैलगाड्यांनीच हलला. नागपूरपर्यंत रूळ पोचले १८६७ मध्ये, खामगावची शाखा उघडली १८७० मध्ये. गाडी आली तेव्हा तेजी ओसरली होती. मग ती गाडी जाताना रुईच्या गाठी नेऊ लागली आणि येताना मँचेस्टरचे कापड आणू लागली. पडलेल्या भावातही शेतकऱ्याला आता कापूसच लावायचा होता, कारण सावकार, बाजार आणि रूळ तिन्ही कापसाकडेच जात होते.

इथून आपण आपल्या बाजूला, पूर्वेकडे वळू. १८९३ मध्ये जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने मुंबईची जहाजफेरी सुरू केली. त्यामागेही जमशेटजी होते. भाड्याची मक्तेदारी मोडून इथला कापूस जपानला स्वस्तात पोचवायचा, हा हेतू. मुंबईहून कोबेला निघालेले जहाज सिंगापूरच्याच पाण्यातून जाणार. म्हणजे आपल्याही आधी आपली रुई या वाटेने गेली.

मग पहिले महायुद्ध आले. मँचेस्टरचे कापड येणे घटले आणि मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांना सुगी आली. नफा वाढला आणि महागाईही वाढली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला, तो त्या नफ्यात पोटापुरता वाटा मागण्यासाठी. युद्धाची सुगी संपल्यावर १९२५ मध्ये मालकांनी मजुरी कापायला काढली, तेव्हा पुन्हा संप. आपल्यातल्या काहींचे आजे-पणजे कोकण-घाटावरून आलेले, साच्यावर उभे राहिलेले. त्यांच्या घरात ‘लढाईचा भाव’ हा शब्द पगाराशी नाही, किराणाशी जोडलेला होता.

आणि मग ते युद्ध, ज्याची आठवण या बेटाच्या मातीत आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९४१ च्या जुलैमध्ये जपानशी व्यवहार गोठवले गेले, डिसेंबरमध्ये युद्धच सुरू झाले आणि वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याचा खरीददार एका हंगामात नाहीसा झाला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. इथे नवे कापड येणे जवळजवळ थांबले. लोकांनी पडदे आणि चादरी कापून कपडे शिवले, कुणी गोणपाट नेसले. तिकडे मुंबईच्या गिरण्या फौजेसाठी रात्रंदिवस चालत होत्या आणि बाजारात साडी मिळेना. १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला.

ज्याच्या शेतात कापूस पडून आहे त्याला गिऱ्हाईक नाही आणि ज्याच्या अंगावर चिंधी आहे त्याला कापड नाही. मधल्या समुद्रात एकच युद्ध चालू आहे. आमच्या वाचनात याहून बोलके चित्र आले नाही.

बालमित्रांनो, घरी गेल्यावर शर्टाच्या आतली पट्टी वाचा. त्यावर कापूस किती टक्के आणि शिवला कुठे, हे लिहिलेले असते. पिकवला कुठे, हे बहुधा लिहिलेले नसते. तो पुष्कळदा कुणीतरी कंबरेत वाकून, बोंडाबोंडातून वेचलेला असतो. आजोबांना फोन कराल तेव्हा त्यांना जरूर विचारा.

आता फलकाचे सांगतो. ‘युद्धाने भरभराट झाली’ हे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. युद्ध भाव वाढवते, त्या भावावर पत वाढते, पतीवर कर्ज उभे राहते. शांतता आली की भाव जातो आणि कर्ज राहते. ज्याच्याकडे माल साठवायला गोदाम आणि दुसऱ्या धंद्यात उडी मारायला भांडवल असते, तो पुढचे युद्ध येईतो टिकतो. ज्याच्याकडे फक्त पुढच्या पावसाचा भरवसा असतो, तो विकायला तयार असतो, भाव असो वा नसो. आपण इथे शिकून, नोकरी मिळवून, विमानाने आलो. पण आपल्यापैकी कितीतरी घरांची पहिली फी कापसाच्या पट्टीवर भरली गेली आहे, आणि ती पट्टी ज्यांच्या नावाची होती ते अजूनही दर दिवाळीला भावाचीच वाट पाहतात.

म्हणून आम्ही वाक्य बदलले. उद्यापासून फलकावर असे वाचाल: ‘दूरच्या युद्धांनी आपल्या कापसाला भाव दिला आणि काढूनही घेतला. त्या भावातून शहरे, गिरण्या, आगगाड्या उभ्या राहिल्या. त्याची उधारी गावांनी फेडली. आपण त्या दोघांचेही वारस आहोत.’

नवा मसुदा आम्ही आजींना पुन्हा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “‘फेडली’ कायले लिवता? ‘फेडत आहेत’ लिवा.”

तेवढी दुरुस्ती करून फलक छपाईला दिला आहे.