आधी आपलं नाव लिहून पाहा



रोवणी आटोपली, बांध्यांत धान उभं राहिलं, आता हाताला थोडी उसंत आहे. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. म्हणजे भांड्यांवर नावं टाकायचा हंगाम. अलीकडे बऱ्याच गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "ताई, नावं कोरायची मशीन घ्यायची आहे, सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?" आज त्याचंच उत्तर देतो. आमची एक चूकही सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही.

आपला भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. लेकीच्या आंदणाचं भांडं नावाशिवाय सासरी जात नाही. दुकानात विजेच्या पेनाने हातानेच नाव टाकून देतात. हे काम आपल्या गटाने करावं, असं आमच्या बैठकीत ठरलं. कर्ज काढून धातूवर चालणारी फायबर लेझर मशीन घेतली, पुढे एक लहान रोटरी मशीन घेतली. लेझर प्रकाशाच्या जोरावर कोरतं. रोटरीत फिरणारं टोकदार कटर धातू खरवडतं.

मशीन पाहायला गेलो तेव्हा विक्रेत्याने इंग्रजीत नाव कोरून दाखवलं. काय सुरेख आलं! आम्ही खूश झालो. मराठीत लिहून दाखवा, असं कोणीच म्हटलं नाही.

पहिली मोठी ऑर्डर 21 पितळी भांड्यांची. नवरीच्या आजीकडून आंदण होतं, म्हणून आजीचं नाव टाकायचं होतं, इंदिरा. मशीनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्येच आम्ही नाव टाइप केलं. पडद्यावर वेलांटी जरा इकडेतिकडे दिसत होती. आम्हाला वाटलं, पडद्यावर असंच दिसत असेल, कोरताना बरोबर येईल. घाई होती. 21 भांडी कोरून दिली.

दुसऱ्या दिवशी आजी स्वतः आल्या. साक्षरता वर्गात त्या सही करायला शिकल्या होत्या. फार वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव ओळखता येत होतं. भांड्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "माझी वेलांटी कुठं गेली वो बाई?" द ची वेलांटी र ला जाऊन चिकटली होती. धातूवर कोरलेलं पुसता येत नाही. गटाच्या पैशातून 21 भांडी नवी आणून द्यावी लागली. त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही एकमेकींकडे पाहू शकत नव्हतो.

दोष कुठे होता, ते नंतर कळलं. तो समजला की सॉफ्टवेअर कसं निवडायचं तेही समजतं.

मैत्रिणींनो, या धंद्यात सॉफ्टवेअरची कामं दोन असतात. भरतकामात आधी कापडावर छाप उमटवतो, मग टाके घालतो. तसंच इथे एक काम डिझाइन काढण्याचं आणि दुसरं मशीन चालवण्याचं. काही सॉफ्टवेअर दोन्ही करतात, पण दोन्ही सारखीच चांगली करतील असं नाही.

मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आपल्या आवडीने निवडता येत नाही. ते मशीनच्या आतल्या कंट्रोलर बोर्डावर ठरतं. फायबर लेझरसोबत बहुधा ईझीकॅड येतं. लाकूड, अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या मोठ्या सीओटू लेझरमध्ये रुईडा कंपनीचा बोर्ड असेल तर आरडीवर्क्स चालतं. लहान डायोड लेझरवर जीआरबीएल असेल तर लेझरजीआरबीएल फुकट मिळतं. लाइटबर्न अनेक प्रकारच्या बोर्डांवर चालतं, पण ते विकत घ्यावं लागतं आणि बोर्डाप्रमाणे परवाना बदलतो. ते 30 दिवस फुकट वापरून पाहता येतं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा, "बोर्ड कोणता?" उत्तर वहीत लिहून घ्या.

डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र आपण निवडायचं, आणि ते आपल्या लिपीवरून निवडायचं. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक बसतात. आपली तशी नाहीत. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण अक्षराच्या आधी लिहिली जाते. रफार वर चढतो, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. ही जुळणी ज्या सॉफ्टवेअरला येत नाही, ते वेलांटी भलत्याच ठिकाणी ठेवतं. आमचं तेच झालं.

आम्ही आता डिझाइन इंकस्केपमध्ये काढतो. ते मोफत आहे, आणि कायद्याने मोफत आहे. त्यात युनिकोड मराठी बरोबर जुळते. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर नाव पाठवतं, तेच उचलून तिथे चिकटवतो. पुन्हा टाइप करायचं नाही, म्हणजे ती चूकही टळते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्ता फॉन्ट मोफत मिळतो, त्याची अक्षरं स्वच्छ आहेत. ज्या गटांना कोरलड्रॉ येतं, त्यांनी ते वापरावं. तेही चांगलं आहे, पण पैसे मोजून घ्यावं लागतं.

पाहताना एक परीक्षा घ्या. ही नावं लिहून घ्या: विठ्ठल, श्रीकृष्ण, दुर्गा, ज्ञानेश्वर, त्र्यंबक. आणि आपल्या धानाचा एक शब्द, पऱ्हे. हे सहा शब्द बरोबर आले तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं. एखाद्यातही गडबड झाली तर त्यात मराठी लिहायचं नाही.

आता शिरोरेषेची गोष्ट. नाव लिहून झालं की ते चित्रात बदलावं लागतं. इंकस्केपमध्ये 'पाथ' या यादीत 'ऑब्जेक्ट टू पाथ' आहे, ते दाबायचं. म्हणजे मशीनच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला तरी अडत नाही. पण एवढ्यावर थांबलात तर फसाल. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. जिथे दोन आकार एकमेकांवर येतात, तिथे बरीच सॉफ्टवेअर कोरतच नाहीत, जागा कोरी सोडतात. मग शिरोरेषेला फटी पडलेल्या दिसतात. उपाय सोपा आहे. त्याच यादीतलं 'युनियन' दाबायचं, सगळी अक्षरं एकजीव होतात. लाइटबर्नमध्ये यालाच 'वेल्ड' म्हणतात. मग फाइल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे द्यायची. काहींना एसव्हीजी फाइल चालते, काहींना डीएक्सएफच लागते. हा विक्रेत्याला दुसरा प्रश्न.

रोटरीचं गणित वेगळं आहे. फॉन्टच्या अक्षराला जाडी असते, म्हणून कटर त्याच्या दोन्ही कडांनी फिरतं आणि अक्षर पोकळ दिसतं. दुकानदाराच्या पेनासारखी एकच रेघ हवी असते. इंकस्केपमध्ये 'ट्रेस बिटमॅप' आहे, त्यात 'सेंटरलाइन' म्हणून पर्याय आहे. कागदावर ठळक हाताने नाव लिहा, सरळ फोटो काढा आणि त्यावरून एकेरी रेघ काढून घ्या. रेघ कुठे तुटली, वळली तर हाताने नीट करावी लागते. पण यातून आम्हाला एक नवीन काम मिळालं. त्याच इंदिराआजी पुढे नातीसाठी एक तांब्या घेऊन आल्या. आम्ही त्यांना कागद-पेन दिलं. त्यांनी जशी सही केली तशीच तांब्यावर उमटली. हात थोडा कापलेला, तोही तसाच. आता लोक आईचं, आजीचं अक्षर कोरून मागतात.

गोल भांडं फिरवून कोरायचं असेल तर त्याचा व्यास सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. भांड्याभोवती दोरा गुंडाळा, मोजा आणि 3.14 ने भागा. दोरा 31.4 सेंटिमीटर भरला तर व्यास 10. तांब्याचं पोट फुगीर असतं, तिथे मोठं नाव वेडंवाकडं होतं. मानेजवळच्या सरळ भागावर लहान नाव टाका.

पैशाचंही बोलू. पेनड्राइव्हवर महागडं सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो, असं म्हणणारे भेटतात. घेऊ नका. आम्ही घेतलं होतं, संगणकात व्हायरस शिरला आणि ऐन हंगामात काम अडलं. चोरीची प्रत बंद पडली तर तक्रार तरी कुठे करणार?

आणि गटाची वही जशी ठेवतो, तशी डिझाइनचीही ठेवा. तारीख, नाव, फॉन्ट, धातू, मशीनचा वेग आणि पॉवर. मूळ फाइल चित्रात बदलण्याआधीची वेगळी ठेवा, कारण नंतर त्यातलं अक्षर बदलता येत नाही. एक प्रत संगणकात, एक पेनड्राइव्हवर कोषाध्यक्षांकडे. काम एकीलाच येत असेल तर ती माहेरी गेली की मशीन बंद. निदान तिघींनी शिका.

डोळ्यांना त्या लेझरसाठीच बनवलेला चष्मा लावल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही. साधा काळा चष्मा चालत नाही. पीव्हीसी प्लास्टिक लेझरखाली कधीच ठेवू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

आमचा आता नियम आहे. नाव आधी कागदावर छापायचं, गिऱ्हाईकाने त्यावर बोट ठेवून वाचायचं आणि सही करायची. मग पत्र्याच्या तुकड्यावर एकदा कोरायचं. मग भांडं. यात पाच-दहा मिनिटं जातात, पण 21 भांडी वाचतात.

तेव्हा मशीन पाहायला जाल तेव्हा ते सहा शब्द चिठ्ठीवर लिहून न्या. विक्रेता इंग्रजीत दाखवू लागला की चिठ्ठी पुढे करा आणि म्हणा, "भाऊ, आधी हे कोरून दाखवा." आणि त्याखाली आपल्या गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईचं नाव लिहायला विसरू नका.