पुरळ गेलं, पण ते कशाचं होतं?



लसीकरणाचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "माझ्या पोरीला लहानपणी अंगभर बारीक पुरळ आलं होतं. दोन दिवसांत गेलं. एकदा आलेलं परत येत नाही, मग लस कशाला?" यातलं निम्मं बरोबर आहे. पण उरलेलं निम्मं महागात पडू शकतं.

आधी बरोबर काय ते पाहू. रुबेला नावाचा आजार आहे. बारीक ताप, कानामागे गाठी, चेहऱ्यापासून अंगावर पसरणारं गुलाबी पुरळ, आणि तीन दिवसांत पोर पुन्हा खेळायला लागतं. इतका साधा आजार, तरी एकदा झाला की सहसा जन्मभर पुन्हा होत नाही. आपल्या गटाच्या वहीत जमा शंभराची असो की हजाराची, नोंद होतेच ना? शरीराचंही तसंच. काही पेशी त्या विषाणूची ओळख लक्षात ठेवतात. काही पेशी हाडांच्या आतल्या मगजात राहून वर्षानुवर्षं त्याला अडवणाऱ्या अँटीबॉडी बनवत राहतात. म्हणजे ताकद यायला आजार जोराचाच व्हावा लागतो, असं नाही.

मग अडचण कुठे आहे? नोंद ज्याच्या नावावर, त्याच्याच कामाची. गोवर होऊन गेला म्हणून रुबेलापासून बचाव होत नाही. आणि पुरळ तर गोवरात येतं, डेंगीत येतं, एखादं औषध सोसलं नाही तरी येतं. नुसतं बघून ते कशाचं हे सांगता येत नाही. उलट रुबेला झालेल्या कितीतरी जणींना पुरळ येतच नाही. म्हणून "होऊन गेलंय" या आठवणीवर भरवसा ठेवू नका.

कारण पोरांना साधा वाटणारा हा आजार पोटातल्या बाळाला साधा नसतो. 1941 साली ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या 78 बाळांची माहिती मांडली. त्यातल्या बहुतेक बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळ बहिरं, अधू नजरेचं, हृदयात दोष असलेलं जन्मू शकतं. आईला मात्र दोन दिवस कणकण आली, एवढंच आठवतं.

ही नोंद आजाराशिवायही करता येते, आणि त्यासाठीच गोवर-रुबेलाची लस आहे. सरकारी लसीकरणात ती मोफत मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नोव्हेंबर 2018 मध्ये आपल्या राज्यात मोहीम सुरू झाली, तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ही लस दिली. आधी लस घेतलेली असो वा आजार झालेला असो, तरीही दिली. कारण आधीच ताकद असलेल्याला लस दिल्यानं नुकसान होत नाही. त्या वेळी शाळेत असलेल्या कितीतरी मुली आता लग्नाच्या वयाच्या झाल्यात. त्या दिवशी कोण शाळेत आली नव्हती, कुणाच्या घरच्यांनी घाबरून लस देऊ दिली नाही, हे आपल्यालाच ठाऊक असतं.

म्हणून दोन कामं करा. घरातल्या लहानग्यांचं लसीकरणाचं कार्ड काढून दोन्ही डोस झालेत का ते बघा. राहिला असेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगा. आणि लग्न ठरलेली मुलगी किंवा नवी सून असेल, तिनं लस घेतल्याची खात्री नसेल, तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्त तपासून रुबेलाची ताकद आहे का ते कळतं. गरोदरपणात ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. त्यामुळे हे विचारायची वेळ आधीचीच.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपापल्या घरची कार्डं सोबत आणा.