टॉमकाकाची झोपडी आणि नाटकवाल्यांचा तंबू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी गाणी आणि पाककृतींच्या स्पर्धा झाल्या की कोणीतरी दोन शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण नाटकाचे वेड मोठे. आपण अंबरनाथ-बदलापूरच्या बायका कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिरात घोळक्याने जातो आणि परतीच्या लोकलमध्ये नाटकाचा निवाडा करतो. नाटक कादंबरीवरचे असले तर एक वाद ठरलेलाच. पुस्तकातले हे का गाळले, आणि नसलेले ते का घातले? म्हणून आज अशाच एका कादंबरीची आणि तिच्या नाटकाची हकीकत सांगणार आहे. कादंबरी अमेरिकेतली आहे. माझ्या मुलीने दुपारी भाजी निवडताना मला ती वाचून दाखवली, अर्थही सांगितला.

कादंबरीचे नाव ‘अंकल टॉम्स केबिन’, म्हणजे टॉमकाकाची झोपडी. लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो. नवरा प्रोफेसर, पगार बेताचा, सात मुले. १८४९ साली तिचे तान्हे मूल पटकीने गेले. गुलाम आईचे मूल विकले जाते तेव्हा तिला काय होत असेल, हे आपल्याला त्या वेळी कळले, असे तिने पुढे सांगितले आहे. १८५० साली कायदा आला की पळालेला गुलाम कोठेही सापडला तरी तो मालकाला परत द्यायचा. तेव्हा ही बाई घरकाम सांभाळून लिहायला बसली. १८५१ च्या जूनपासून कादंबरी एका वर्तमानपत्रात क्रमशः आली, १८५२ साली पुस्तक निघाले आणि पहिल्या वर्षातच अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

त्यात एलायझा नावाची आई आहे. मालकाने आपला मुलगा विकल्याचे कळताच ती रात्रीच त्याला घेऊन निघते आणि ओहायो नदीच्या तरंगत्या बर्फावरून उड्या मारीत पलीकडे जाते. हे ऐकताना मला उल्हासनगरच्या आपल्या सिंधी भगिनींच्या आज्या आठवल्या. १९४७ च्या फाळणीत पोरेबाळे घेऊन त्या आल्या आणि कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत त्यांनी चुली मांडल्या. त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

आता नाटकाकडे वळते. एकाने नाटक करायला परवानगी मागितली तेव्हा स्टोबाईंनी नकार दिला. त्या धार्मिक घरातल्या, नाटक त्यांना पसंत नव्हते. पण परवानगीवाचून कोणाचे अडते? कादंबरीवरून नाटक करायला लेखकाला विचारावे असा कायदाच नव्हता. तो हक्क लेखकांना १८७० साली मिळाला. तोपर्यंत कितीतरी कंपन्यांनी या नाटकावर पोट भरले, आणि बाईंच्या हातावर एक पैसा पडला नाही. आपल्या हातच्या लोणच्यावर दुसऱ्याने दुकान थाटावे, तशी गत!

गाजलेले नाटक जॉर्ज एकिनचे. १८५२ च्या सप्टेंबरात ट्रॉय नावाच्या लहान शहरात ते लागले आणि तेथेच शंभर प्रयोग झाले. कंपनी म्हणजे एक कुटुंबच होते. हॉवर्ड हा चालक, त्याची बायको टॉप्सी या गुलाम मुलीच्या वेषात, आणि त्यांची चार वर्षांची कॉर्डेलिया ही लहानगी इव्हा. इव्हाच्या मरणाला प्रेक्षागृह रडत असे. पुढल्या वर्षी ते न्यूयॉर्कला गेले आणि तीनशेहून अधिक वेळा झाले. तेथे काळ्या प्रेक्षकांना बसायला जागा वेगळी होती. गोष्ट त्यांची, आणि बसायचे बाजूला!

रंगमंचावरही ते नव्हतेच. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची सोंगे घेत. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळी स्त्रीची भूमिका पुरुष करीत, पण बालगंधर्वांचे लुगडे नेसणे पाहून बायका तसे नेसायला शिकत. टॉप्सीला मात्र लोक हसायला येत. खऱ्या काळ्या नटाला, सॅम लुकसला, टॉमची मोठी भूमिका मिळाली ती १८७८ साली. तोवर गुलामगिरी कायद्याने जाऊन तेरा वर्षे झाली होती.

त्यानंतर तर या नाटकाचा सुळसुळाट झाला. शेकडो कंपन्या गावोगाव तंबू ठोकीत. दुपारी बँड लावून गावातून मिरवणूक, सर्कशीसारखी. काही कंपन्या दोन टॉप्सी आणि दोन वकील नाचवीत. एका तिकिटात दुप्पट! एलायझाच्या मागे बर्फावर शिकारी कुत्रे सोडीत. पुस्तकात त्या नदीकाठी कुत्रे नाहीतच. पण जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत कुत्रे. मला विचाराल तर लेकराला छातीशी धरलेल्या आईमागे कुत्रे लागायलाच हवेत असे नाही. तिच्या भीतीला तेवढ्याची गरज नाही.

सर्वांत वाईट झाले ते टॉमचे. पुस्तकातला टॉम रुंद छातीचा, कामाचा गडी आहे. झोपडीत त्याची लहान मुले खेळतात. मालक त्याला एका बाईला चाबकाने मारायला सांगतो. तो नाही म्हणतो, आणि स्वतः मार खातो. पुढे कॅसी आणि एमेलिन या दोघी लपून बसतात. टॉमला त्यांचा ठिकाणा ठाऊक असतो. मरेपर्यंत मारले तरी तो सांगत नाही. दोन बायकांची अब्रू राखण्यासाठी तो जीव देतो. तंबूतल्या नाटकांनी या माणसाला पिकल्या केसांचा, कमरेत वाकलेला, मालकापुढे हात जोडणारा म्हातारा करून टाकले. एका नाटकात तर शेवट गोड हवा म्हणून त्याला जिवंतच ठेवले. आज अमेरिकेत लाचार काळ्या माणसाला ‘अंकल टॉम’ म्हणून हिणवतात. त्या शिवीला लोकांनी पाहिलेला हा रंगमंचावरचा टॉम पुष्कळ कारणीभूत आहे.

म्हणून नाटक करूच नये असे मी म्हणत नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत एलायझा नाटकानेच नेली. पहिल्या प्रयोगांना गुलामगिरीची थट्टा करीत आलेली माणसे डोळे पुशीत गेली, हेही खरे. अमेरिकेतल्या या लढ्याची वार्ता आपल्याकडेही पोचली होती. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, ते अमेरिकेत गुलामांना मोकळे करणाऱ्या लोकांनाच अर्पण केले आहे.

एकिनच्या नाटकाचा पडदा पडतो तेव्हा ढगांत इव्हा दिसते आणि टॉम गुडघे टेकून तिच्याकडे पाहत असतो. पुस्तक मात्र तेथे संपत नाही. लपलेल्या त्या दोघी सुटतात, आणि पुढे कॅसीला कळते की बर्फावरून धावलेली एलायझा आपलीच लहानपणी विकलेली लेक. कॅनडात मायलेकी भेटतात, आणि नातवंडाला पाहून कॅसी त्याला कुशीत घेते.